लिहिलेली ओळ नेमकी कुठे आहे? : बफर्ड फाइल शिकतानाचे अनुभव

गोव्यातील सत्तरी तालुक्यातील आमच्या गावच्या दूध संस्थेत माझे मामा सचिव होते. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत संस्थेची महिन्याची बिले संगणकावर काढून देण्याचे काम मी मोठ्या उत्साहाने अंगावर घेतले. सभासद क्रमांक, लिटर, फॅट आणि दर एवढीच माहिती असलेली एक साधी फाइल वाचायची, प्रत्येक सभासदाची बेरीज करायची आणि बिलाची एकेक ओळ दुसऱ्या फाइलमध्ये लिहायची, इतकेच काम होते. जावा या प्रोग्रामिंग भाषेतील बफर्डरीडर (वाचणारा) आणि बफर्डरायटर (लिहिणारा) हे दोन क्लास, म्हणजे कोडचे तयार साचे, आम्हाला वर्गात शिकवून झाले होते. म्हणजे ते कसे लिहायचे ते पाठ झाले होते, ते काय करतात हे मात्र मला ठाऊक नव्हते.

पहिल्याच महिन्यात प्रोग्रामने पडद्यावर ‘काम पूर्ण’ असे दाखवले, आणि तयार झालेली फाइल सभासद क्रमांक १३७ च्या ओळीच्या मध्यावरच तुटली. मूळ नोंदी तपासल्यावर दोष सापडला, पण तो १३७ वर नव्हता. क्रमांक १९० च्या नोंदीत कोणीतरी फॅटचा आकडा मराठी कळफलकावरून ‘४.२’ असा देवनागरीत टाकला होता. (जावाची एक गंमत येथे सांगून ठेवतो. पूर्णांक वाचणारी पार्सइंट ही मेथड (ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) देवनागरी अंक बिनतक्रार स्वीकारते, दशांश वाचणारी पार्सडबल मात्र ते नाकारते. त्यामुळे त्याच ओळीतला सभासद क्रमांक देवनागरीत असूनही सुखरूप पार झाला होता.) तेथे एक्सेप्शन (काम अडवणारी चूक) आले, चुका पकडण्यासाठी मी लिहिलेल्या रिकाम्या कॅच ब्लॉकने ते गिळून टाकले, आणि अगदी शेवटी लिहिलेल्या, फाइल बंद करणाऱ्या क्लोजच्या ओळीपर्यंत प्रोग्राम पोचलाच नाही.

प्रोग्राम १९० वर थांबला, हे समजण्यासारखे होते. परंतु १३७ ते १८९ या सभासदांची बिले तर हिशेब होऊन लिहिली गेली होती, ती कुठे गेली? हा प्रश्न मी मामांपुढे मांडला तेव्हा संगणकातले ओ की ठो न कळणाऱ्या मामांनी जे विचारले, ते मला आजवर कोणत्याही पुस्तकाने इतके स्वच्छ सांगितलेले नाही. ते म्हणाले, “अरे, दूध कॅनमध्ये ओतले म्हणून ते डेअरीत पोचले का? गाडी कॅन घेऊन गेली, तर पोचले म्हणायचे.”

बफर म्हणजे तो कॅन. संस्थेचा माणूस प्रत्येक सभासदाचे दोन-तीन लिटर दूध घेऊन स्वतंत्रपणे डेअरीत जात नाही. चाळीस लिटरांचा कॅन भरला की मग तो गाडीत चढतो. फाइलचेही तसेच आहे. प्रोग्रामला डिस्कवरील फाइलशी थेट व्यवहार करता येत नाही, त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमकडे विनंती करावी लागते, आणि अशा प्रत्येक विनंतीत प्रोसेसरला प्रोग्राम सोडून कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, जाऊन परत यावे लागते. ही खेप एका बाइटसाठी केली काय किंवा आठ हजार बाइटांसाठी केली काय, जाण्यायेण्याचा खर्च जवळपास तेवढाच पडतो. म्हणून जावाचे हे क्लास ८१९२ इतक्या मापाचा एक ॲरे (ओळीने मांडलेले खण) स्वतःजवळ बाळगतात, लिहिलेले त्यात साठवतात आणि तो भरला की एकदम पुढे पाठवतात.

आता तुटलेल्या फाइलचे माप पाहा. ती बरोबर २४,५७६ बाइटांची होती, म्हणजे ८१९२ ची तिप्पट. माझी प्रत्येक ओळ १८० बाइटांची असल्याने १३६ ओळींचे २४,४८० बाइट होत होते, आणि उरलेल्या ९६ बाइटांत १३७ व्या सभासदाचे बिल अर्धवट बसले होते. एखादी फाइल ओळीच्या मध्येच तुटलेली दिसली आणि तिचे माप ८१९२ च्या पटीत निघाले, तर इतरत्र शोधण्याआधी न केलेल्या क्लोजकडे पाहावे. हरवलेला मजकूर मात्र ८१९२ पेक्षा अधिक, सुमारे साडेनऊ हजार बाइटांचा होता, आणि त्याने मला आणखी दोन दिवस छळले. उत्तर असे निघाले की कॅन एक नव्हता, दोन होते. बफर्डरायटर अक्षरे साठवतो, आणि त्याच्याखाली अक्षरांचे बाइट करणारा जो थर असतो, तो आपल्यापुरता बाइटांचा वेगळा बफर ठेवतो. माझी बिले या दोन कॅनांत वाटली गेली होती आणि प्रोग्राम संपताच दोन्ही कॅन सांडले.

यावरचा उपाय २०११ साली आलेल्या जावा ७ पासून भाषेतच आहे. ट्राय या शब्दापुढील कंसात रायटर उघडला, की एक्सेप्शन येवो अथवा न येवो, ब्लॉकमधून बाहेर पडताना तो आपोआप बंद होतो, आणि बंद होताना आतले सगळे पुढे ढकलतो. बाहेरचा क्लास बंद केला की त्याने आत गुंडाळलेला क्लासही बंद होतो, हा मुलाखतीत हमखास विचारला जाणारा प्रश्न आहे. पर्वरीतील असो वा पुण्यातील, मी दिलेल्या बहुतेक मुलाखतींत तो मला विचारला गेला.

नवख्यांना माझे आग्रहाचे सांगणे असे की हे क्लास वापरण्यापूर्वी तसा एक क्लास स्वतः लिहून पाहावा. बाइटांचा एक ॲरे, आपण कुठवर वाचले हे सांगणारा एक आकडा, ॲरेत किती भरले आहे हे सांगणारा दुसरा आकडा, आणि ॲरे संपला की तो पुन्हा भरणारी एक मेथड, एवढेच साहित्य लागते. मी तो तासाभरात लिहिला. मजकुराच्या फाइली त्याने बिनचूक उतरवल्या, आणि मग हौसेने माशेलच्या चिखलकाल्याचा एक फोटो उतरवायला दिला, तर नक्कल शून्य बाइटांची झाली. जावातील बाइट हा चिन्हांकित असतो, म्हणजे त्याची व्याप्ती उणे १२८ ते १२७ अशी असते. त्यामुळे २५५ हे मूल्य त्यात उणे एक असे दिसते, आणि फाइल संपली हे सांगण्याची खूणही नेमकी उणे एकच आहे. जेपेग फोटोचा पहिलाच बाइट २५५ असतो, तर यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीने लिहिलेल्या मजकुरात तो बाइट कधीच येत नाही. म्हणून मजकुरावर चाचणी घेऊन मी निर्धास्त राहिलो होतो. बाइट परत देताना त्याचा २५५ शी बिटवाइज ॲन्ड (बिटागणिक होणारी क्रिया) करायचा, म्हणजे तो ० ते २५५ मध्येच राहतो, एवढीच दुरुस्ती होती. या एका चुकीने मला वर्गातल्या अख्ख्या सत्रापेक्षा अधिक शिकवले, असे मी अतिशयोक्ती न करता म्हणू शकतो.

क्लास तयार झाला की एक एमबीची फाइल घेऊन मोजमाप करावे. तीत १०,४८,५७६ बाइट असतात. बफर नसलेल्या फाइलइनपुटस्ट्रीम या क्लासकडून एकेक बाइट मागितला तर तितक्याच खेपा होतात, आणि ८१९२ च्या बफरने त्या १२८ वर येतात. लिनक्स असेल तर एसट्रेस या साधनाने खेपा प्रत्यक्ष मोजता येतात. बफर आणखी मोठा केल्यास फायदा वाढत जाईल असे वाटते, पण वेळेतील खरी बचत पहिल्या काही हजार बाइटांतच होऊन जाते.

मराठी मजकूर हाताळणाऱ्यांना आणखी एक खाचखळगा लक्षात ठेवावा लागतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना, मात्रा आणि अनुस्वार ही वेगळी चिन्हे असल्याने ‘फोंडा’ हा शब्द १५ बाइटांचा होतो. ८१९२ ला तीनने भागले तर दोन उरतात. म्हणजे सलग देवनागरी मजकुराचे ८१९२ बाइट वाचून त्यांची थेट स्ट्रिंग (अक्षरांची माळ) केली, तर शेवटच्या चिन्हाचे दोन बाइट या खेपेत आणि एक पुढच्या खेपेत येतो, आणि त्या जागी चौकटीतील प्रश्नचिन्ह उमटते. रीडर वर्गातील क्लास हा सांधा स्वतः सांभाळतात, म्हणून मजकुरासाठी रीडर आणि फोटोंसाठी स्ट्रीम हा भेद पाळावा. शिवाय एन्कोडिंग, म्हणजे अक्षरांचे बाइट करण्याची पद्धत, स्पष्ट लिहावे. जावा १८ पूर्वी, म्हणजे २०२२ पूर्वी, ते ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून असे. त्यामुळे माझ्या लिनक्स लॅपटॉपवर नीट दिसणारी सभासदांची नावे संस्थेच्या विंडोज संगणकावर प्रश्नचिन्हांची रांग होऊन बसली होती.

फाइलमध्ये लिहिणारा फाइलरायटर हा क्लास उघडताच जुनी फाइल रिकामी होते, पहिले अक्षर लिहिण्याची वाटही तो पाहत नाही. जी फाइल वाचतो आहोत तीच लिहिण्यासाठी उघडली, तर वाचायला काहीच उरत नाही. भर घालायची असेल तर दुसरा पॅरामीटर ट्रू द्यावा लागतो.

राहिला फ्लशचा प्रश्न. फ्लश म्हणजे कॅन भरलेला नसतानाही गाडीत चढवणे. परंतु गाडी निघाली म्हणजे दूध डेअरीत उतरले असे नव्हे, कारण ऑपरेटिंग सिस्टिमही तो मजकूर आपल्या मेमरीत ठेवते आणि डिस्कवर सवडीने उतरवते. जूनच्या पहिल्या पावसात आमच्याकडे वीज कशी जाते ते सत्तरीकरांना सांगायला नको. अशा वेळी फ्लश केलेला मजकूरही जाऊ शकतो, आणि तेथे फाइलचॅनेलची फोर्स ही मेथडच कामी येते, जी मजकूर उपकरणापर्यंत पोचल्याशिवाय परत येत नाही. ती संथ असते. म्हणून रोजच्या संकलनाच्या नोंदी घेताना प्रत्येक ओळीनंतर ती मारण्याचा माझा सुरुवातीचा बंदोबस्त लवकरच सोडून द्यावा लागला. सकाळी दूध घेऊन आलेली माणसे खिडकीपाशी ताटकळू लागली होती. पुढे मामांशी बसून ठरवले की सभासदाची पावती छापण्याआधी फ्लश करायचा, आणि सकाळ-संध्याकाळचे संकलन आटोपून गाडी निघण्याच्या वेळी फोर्स. वीज गेलीच, तर त्या वेळच्या नोंदी पावत्यांच्या स्थळप्रतींवरून पुन्हा भरायच्या, असे मामांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले.