मयत माजी पतीच्या मिळकतीतून थकलेली पोटगी : दरखास्तीपूर्वीची तयारी

घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात ठरलेली पोटगी थकवून माजी पती वारला, तर हिंदू कायद्याखाली घटस्फोटित झालेल्या स्त्रीने आधी आपले स्थान नीट समजून घ्यावे. ती त्याची वारस उरलेली नाही, पण त्याच्या हयातीत थकलेल्या रकमेपुरती ती घेणेकरी आहे, आणि दरखास्तीसाठी, म्हणजे हुकूमनाम्याच्या बजावणीसाठी कोर्टात करायच्या अर्जासाठी, पुढचा प्रत्येक कागद याच नात्याने जमवायचा आहे. मृत्यूनंतरच्या महिन्यांची पोटगी मागणे अवघड असते. हुकूमनाम्यात त्यासाठी एखाद्या मिळकतीवर बोजा ठेवलेला असेल, तर बाजू बळकट होते. म्हणून हुकूमनाम्याची, आणि तडजोड झाली असल्यास तडजोड पुरसिसची (कोर्टात दिलेल्या तडजोडीच्या लेखी निवेदनाची), सही-शिक्क्याची नक्कल काढून बोजाचे कलम शोधावे. मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत मिळतो.

हिशेबाला मात्र वेळ द्यावा. कोणत्या महिन्याचे किती देणे होते, किती मिळाले आणि कोणत्या मार्गाने, हे बँकेच्या उताऱ्याशी ताडून महिनावार लिहावे. अधूनमधून रोख मिळालेले पैसेही त्यात दाखवावेत, कारण ते लपवले आणि वारसांनी उघड केले, तर उरलेल्या हिशेबावरही कोणी विश्वास ठेवत नाही. हुकूमनाम्याच्या बजावणीची मुदत १२ वर्षांची असून दरमहाच्या पोटगीत ती प्रत्येक थकलेल्या हप्त्यापासून वेगळी मोजली जाते, त्यामुळे जुने हप्ते आधी तपासावेत.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५० प्रमाणे वारसांची जबाबदारी मयताची जेवढी मिळकत त्यांच्या हाती आली तेवढ्यापुरतीच असते. त्यांच्या स्वकमाईला हात लागत नाही. म्हणून मयताच्या नावावर काय होते हे दाखवणारे सातबारा, आठ-अ, फेरफार आणि शहरातील घर असल्यास मिळकत पत्रिका मिळवावी. सातबाऱ्यावर भावांची नावे असतील, तर मयताचा हिस्सा किती हे वकिलाकडून काढून घ्यावे, आणि इतर हक्कांच्या रकान्यात विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का तेही पाहावे. रावेर-यावलकडे शेतात उभी केळी असेल किंवा कापलेल्या मालाचे पैसे व्यापाऱ्याकडे अडकले असतील, तर त्याची नोंद लगेच करावी. जमीन जागेवर राहते, केळीचे पैसे राहत नाहीत. भविष्य निर्वाह निधी आणि विम्याची रक्कम जप्तीपासून सुरक्षित असल्याने त्यांच्या भरवशावर हिशेब मांडू नये.

गंधमुक्तीचा, म्हणजे मृत्यूनंतरच्या उत्तरकार्याचा, कार्यक्रम होईपर्यंत त्या दारात पैशांचा विषय काढू नये, ही आपल्याकडची रीत योग्यच आहे. पण वारस नोंदीचा फेरफार तेवढ्यात सुरू होऊ शकतो आणि त्यावरील हरकतीची मुदत साधारण १५ दिवसांचीच असते. हरकतीने पैसे वसूल होत नाहीत. मात्र थकबाकीचा लेखी अर्ज गाव चावडीत देऊन पोच घेतली, तर वारसांना देणे ठाऊक होते हे पुढे दाखवता येते.

शेवटी दरखास्तीसाठी सर्व वारसांची नावे, वये आणि पत्ते लिहून काढावेत : मयताची आई, दुसरी पत्नी असल्यास ती, आणि सगळी मुले. आईबाप विभक्त झाले तरी मुले १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याने पहिल्या वर्गाचे वारस राहतात, त्यामुळे स्वतःच्या पोटची मुलेही आईच्या दरखास्तीत सामनेवाले होतात. हे ऐकून पुष्कळ जणी दचकतात आणि त्यांची नावे गाळू पाहतात. तसे करू नये. मुले अज्ञान (अल्पवयीन) असतील, तर त्यांच्यासाठी आईखेरीज दुसरा पालक नेमण्याचा अर्जही सोबतच तयार ठेवावा.