स्ट्रॉबेरी खाताय? मग या चुका टाळा

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बाजारात आली की घरोघरी स्मूदी सुरू होते, आणि पहिला घोळ तिथेच होतो, कारण सोबत केळं पडतंच. चिरलेलं केळं काळं पडतं ना, ते पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाच्या एन्झाइममुळे, आणि तेच एन्झाइम मिक्सरमध्ये आणि पुढे पोटात गेल्यावरही स्ट्रॉबेरीतल्या फ्लॅव्हॅनॉल्सचा, म्हणजे फळातल्या उपयोगी वनस्पतिद्रव्यांचा, फडशा पाडतं. 2023 च्या एका अभ्यासात केळ्याची स्मूदी प्यायल्यावर रक्तातले फ्लॅव्हॅनॉल्स फ्लॅव्हॅनॉल्सची नुसती कॅप्सूल घेतल्यापेक्षा 84 टक्के कमी भरले, मिक्स बेरीच्या स्मूदीत मात्र तसं झालं नाही. केळं वाईट नाही हो, फक्त वेगळ्या वेळी खा. दाटपणा हवाच असेल तर दही घाला नाहीतर आंबा.

दुसरी चूक म्हणजे रस गाळणं. स्ट्रॉबेरीच्या अंगावरच्या बारीक बियांमध्ये एलाजिटॅनिन्स नावाची अशीच उपयोगी द्रव्यं भरपूर असतात, गाळणीत चोथ्याबरोबर तेच जातात. जॅमचंही तसंच, शिजवताना आणि नंतर बाटलीत पडून राहून लाल रंगाचं अँथोसायनिन कमी होत जातं.

आता सगळ्यात मोठा गैरसमज, की स्ट्रॉबेरी खाल्ली म्हणजे त्यातलं हे सगळं जसंच्या तसं रक्तात गेलं. अजिबात नाही! थोडाच भाग लहान आतड्यातून आत जातो, त्यालाही आतड्याची भिंत आणि लिव्हर लगेच ग्लुकुरोनाइड, सल्फेट वगैरे रासायनिक शेपट्या जोडून बदलून टाकतात, आणि उरलेलं मोठ्या आतड्यात जाऊन तिथले जंतू त्याचे छोटे तुकडे करतात. 2013 मध्ये 8 पुरुषांना शरीरात माग काढता यावा म्हणून खूण केलेलं 500 मिलिग्रॅम अँथोसायनिन दिलं तेव्हा रक्तात मूळ रूपापेक्षा हे बदललेले पदार्थच कितीतरी जास्त सापडले, आणि 48 तासांनंतरही त्यांचा माग लागत होता. म्हणून रविवारी किलोभर हादडण्यापेक्षा रोज मूठभर खाल्लेलं मला जास्त पटतं.

आणि मैत्रिणीला फरक पडला, मला का नाही, असं म्हणून खट्टू होऊ नका. एलाजिटॅनिन्सपासून युरोलिथिन नावाचा, शरीरात शोषला जाणारा पदार्थ बनवणारे जंतू सगळ्यांच्या पोटात नसतात, काहींच्यात ते बनतच नाही. अशांनी डाळिंब किंवा अक्रोड खाल्ले तरी युरोलिथिन मिळत नाही, कारण त्यातही कच्चा माल तोच.

ओरॅकचा, म्हणजे अँटिऑक्सिडंट ताकदीच्या मापाचा, मोठा आकडा छापलेल्या महागड्या बेरी पावडरी तर घेऊच नका. तो आकडा टेस्टट्यूबमधला असतो, शरीरातला नाही, आणि अमेरिकेच्या कृषी खात्याने स्वतःची ओरॅक यादी 2012 मध्येच वेबसाइटवरून काढून टाकली.