दोन सिस्टिम, एकाच कामाच्या दोन लेन्स: ठेवायची कोणती?

घरात निकॉनचा फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) डीएसएलआर कॅमेरा होताच, प्रवासासाठी फुजीची एक्स सिरीज आली आणि कपाटात सारख्याच कामाच्या लेन्स जोडीजोडीने जमल्या. कोणती विकायची हे ठरवण्याआधी थोडी तयारी करा.

आधी जोड्या लावा, पण लेन्सवरचा आकडा बघून नव्हे. फुजीचा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) लहान, म्हणून फोकल लेंथ, म्हणजे लेन्सवरचा मिमीचा आकडा, दीडपट धरायची. तिची ३५ म्हणजे निकॉनची ५०, ५६ म्हणजे ८५. मागची धूसरताही ताडून बघा. एफ/ पुढचा आकडा लेन्सचं तोंड किती उघडतं ते सांगतो, लहान आकडा म्हणजे जास्त उघडं. फुजीच्या ५६ एफ/१.२ ची धूसरता निकॉनच्या ८५ एफ/१.८ इतकीच येते, त्यामुळे ही जोडी खरोखर दुहेरी आहे.

मग लाइटरूममध्ये (फोटो सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये) गेल्या वर्षाचे फोटो लेन्सनुसार गाळा. सगळे नकोत, फक्त छापलेले किंवा कुणाला दिलेले. एखाद्या लेन्सचा त्यात फोटोच नसेल, तर तिचं नाव विक्रीच्या यादीत लिहून टाका.

५० ची जोडी मात्र मी मोडू देणार नाही. निकॉनची ५० एफ/१.८ आणि फुजीची ३५, दोन्ही दोनशे ग्रॅमच्या आत, जुन्या बाजारात फारसे पैसे येत नाहीत आणि हाताला येईल ती बॉडी उचलून बाहेर पडता येतं.

मॅक्रोचं, म्हणजे अगदी जवळून टिपायच्या लेन्सचं, उलट. निकॉनची १०५ आणि फुजीची ८०, दोन्ही पाऊण किलोच्या आसपास, दोन्ही महाग. इथे अ‍ॅडॉप्टरचा, म्हणजे एका कंपनीची लेन्स दुसऱ्याच्या बॉडीवर बसवणाऱ्या कड्याचा, विचार करा. निकॉनच्या माउंटपासून (लेन्स बसते त्या कडेपासून) सेन्सर ४६.५ मिमी दूर, फुजीचा १७.७ मिमी, मधल्या जागेत अ‍ॅडॉप्टर बसतो, म्हणून निकॉनची लेन्स फुजीवर चढते. उलटं जमत नाही. साध्या अ‍ॅडॉप्टरवर ऑटोफोकस आणि व्हीआर (हात हलल्याचा धक्का सावरणारी सोय) चालत नाही, पण ट्रायपॉडवर फुलाचा परागकण टिपताना दोन्ही लागतात कुठे? १०५ ला अ‍ॅपर्चर रिंग (लेन्सचं तोंड कमी-जास्त उघडायचं कडं) नाही, तेव्हा रिंग असलेलाच अ‍ॅडॉप्टर घ्या. १०५ ठेवा, ८० विका.

लग्नाची कामं घेत असाल तर हिशोब बदलतो. ऐन मुहूर्तावर बॉडी बंद पडली तर दुसऱ्या सिस्टिमवर एफ/२.८ चा स्टँडर्ड झूम (रोजच्या वापराची झूम लेन्स) हवाच, तो दोन्हीकडे ठेवा. फ्लॅशही तपासा, निकॉनच्या फ्लॅशचं टीटीएल (प्रकाश आपोआप मोजून ठरवणं) फुजीवर चालत नाही.

मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी आणखी एक बघावं. पावसाळाभर न वापरलेल्या लेन्सला बुरशी लागते. ड्राय कॅबिनेटमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या कपाटात) ४० ते ५० टक्के आर्द्रतेत मावतील तेवढ्याच लेन्स ठेवा. जागा नाही म्हणून एखादी कपड्यांच्या कपाटात गेली, तर ती वेळीच विकलेली बरी.

विकायचं ठरलं की अंधाऱ्या खोलीत लेन्सच्या मागून टॉर्च मारून आत जाळी किंवा ठिपके आहेत का ते बघा. असतील तर घेणाऱ्याला आधीच सांगा. हूड, पुढचं-मागचं झाकण, बिल आणि खोका एकत्र ठेवा, आणि जोडीदार लेन्सवर दोन-तीन आठवडे काम भागतं का ते बघून मगच जाहिरात टाका.