नावडती भाजी: नाक दाबून सुरुवात करा

माझ्याकडून रोज अडतीस डबे जातात. ऐरोलीच्या आयटी पार्कमधली मुलंमुली, दोन बँकवाले आणि आमच्याच सेक्टरमधले एक निवृत्त आजोबा. भाजी कशी झाली होती हे मी कुणाला विचारत नाही. संध्याकाळी डबे परत आले की झाकण उघडते, उत्तर आतच असतं. बटाट्याच्या दिवशी डबे चाटूनपुसून येतात. शेपूच्या दिवशी अकरा-बारा डबे भाजीसकट. कुणी ती भाजी पोळीच्या तुकड्याखाली दडवतं, जणू काकूला दिसणारच नाही. मी फ्रॉकच्या खिशात दडवायचे, त्यामुळे मला सगळं दिसतं.

शेपू, कारलं, अळू आणि भेंडी. लहानपणी या चार गोष्टी माझ्या घशाखाली उतरत नव्हत्या. माहेर ओतूरचं, म्हणजे भाजीला तोटा नाही. वडलांचा नियम होता, ताटातलं संपल्याशिवाय उठायचं नाही. एकदा शेपूच्या भाजीपुढे मी दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बसले होते. भाजी गार झाली, कडेने हिरवं पाणी सुटलं, माशी दोनदा येऊन गेली. शेवटी आईने गुपचूप ताट उचललं. आज मी या चारही भाज्या खाते, नाइलाजाने नाही तर मागून घेऊन. ते कसं जमलं ते सांगते. घरी करून बघण्यासारखं आहे आणि खर्च काही नाही.

पहिलं काम स्वयंपाकघरातलं नाहीच. 'मला अमुक भाजी आवडत नाही' हे वाक्य फार ढोबळ आहे. त्या भाजीतलं नेमकं काय आवडत नाही? वास, कडूपणा की तोंडात लागणारा गिळगिळीतपणा? बहुतेकांना सांगता येत नाही, कारण वयाच्या सहाव्या वर्षी तोंड फिरवलं ते फिरवलं. त्याची एक चाचणी आहे. आधी बडीशेपेवर करून बघा. नाक चिमटीत घट्ट धरा आणि चार दाणे चावा. किंचित गोड लागेल, बस. मग नाक सोडा. बडीशेप तेव्हा 'येते'. आपण जिला चव म्हणतो त्यातलं जिभेचं काम थोडंच, खारट-आंबट-गोड-कडू अशा चारपाच चवींपुरतं. बाकी सगळा वास, घशाच्या मागच्या बाजूने नाकात चढणारा.

आता नावडत्या भाजीचा छोटा घास घ्या आणि तसंच करा. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, ते इथे दोन्ही अर्थांनी खरं. नाक दाबल्यावर घास सुसह्य झाला तर तुमचं भांडण वासाशी आहे. तरीही तोंड वाकडं झालं तर कडूपणाशी. आणि चव ठीक आहे पण गिळवत नाही, अशी गत असेल तर भांडण स्पर्शाशी. तिघांवर औषधं वेगळी, म्हणून हे आधी ठरवा. माझं शेपूशी वासाचं होतं, कारल्याशी कडूपणाचं, भेंडीशी बुळबुळीचं. अळूचं प्रकरण निराळंच निघालं, ते पुढे.

शेपूशी माझी दिलजमाई बाळंतपणात झाली, तीही नकळत. सासूबाई जेवणानंतर बाळंतशेप द्यायच्या. तव्यावर भाजलेली, किंचित मीठ लावलेली. चाळीस दिवस, दोन वेळा. मला ती आवडायची. पोट हलकं व्हायचं आणि तेवढ्या पाच मिनिटांत मुलगी त्यांच्या मांडीवर असायची, मी मोकळी. दोन महिन्यांनी एका सकाळी त्या शेपू निवडत होत्या आणि मी ओट्याशी जाऊन म्हटलं, "कसला छान वास येतोय?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मला ताप चढलाय. बाळंतशेप म्हणजे शेपूचंच बी. दोघांचा वास अगदी एक नाही, पण घराणं एकच. नाकाला ओळख पटली होती, आणि ओळखही कशी, तर मांडीवरून बाळ उतरलेल्या पाच मिनिटांची.

म्हणून वासाच्या भाज्यांना माझा पहिला उपाय हाच. भाजीच्या आधी तिचा नातेवाईक घरात आणा. शेपूसाठी बाळंतशेप, वाण्याकडे मिळते. जेवणानंतर बडीशेपेऐवजी महिनाभर ती खा. मग शेपू भाजी म्हणून नको, धपाट्यांत घाला. एका जुडीची पानं चार माणसांच्या धपाट्यांत, देठ अजिबात नको. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, लसूण, तीळ. तव्यावर कड कुरकुरीत होऊ द्या. त्यात शेपू असतो पण पुढे पुढे करत नाही. तिसऱ्या टप्प्यावर मूगडाळ घालून भाजी. फोडणीत लसूण सढळ, सहासात पाकळ्या ठेचून चांगल्या लाल. डाळ भिजवलेली असावी आणि मोकळी शिजावी. झाकण ठेवून वाफेत गाळ करू नका, माझ्या ताटातलं ते हिरवं पाणी त्यातूनच यायचं. ढेकरांचं मात्र काही करता येत नाही. शेपू खाल्लेल्याने दुपारची मीटिंग टाळावी, हे माझ्या डबेवाल्या मुलांनीच मला सांगितलंय.

कडूपणाचं गणित वेगळं. इथे एक गोष्ट आधी मान्य करा, तुमच्या आणि शेजाऱ्याच्या जिभेला तीच भाजी तेवढीच कडू लागते असं नाही. लेक बीएस्सीला असताना कॉलेजातून पीटीसी नावाच्या रसायनाच्या कागदी पट्ट्या घेऊन आली होती. आम्ही तिघांनी जिभेवर ठेवल्या. तिने थू थू करत बेसिन गाठलं. मला बऱ्यापैकी कडू लागली. आमचे हे शांतपणे म्हणाले, "वहीचा कागद आहे ना?" १९३१ साली अमेरिकेत आर्थर फॉक्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत हीच पूड हवेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्याचं तोंड कडू झालं, फॉक्सला पत्ताच नाही. हा फरक आईबापाकडून येतो. कोबी, मुळा, नवलकोल यांच्या कुळातलं कडवटपण कुणाला किती जाणवणार, यात त्याचा हात असतो. म्हणजे लेक कोबीला नाक मुरडायची तेव्हा ती नाटक करत नव्हती. मी तिला त्यावरून एकदा धपाटा घातलाय. त्याची आता भरपाई नाही.

कारल्याचा कडूपणा वेगळ्या द्रव्यांचा, तो जवळपास सगळ्यांनाच लागतो. त्याच्यावर हुकमी पत्ता मीठ. मीठ फक्त पाणी काढत नाही, जिभेवर कडूपणाची जाणीवही दाबतं. खात्री हवी असेल तर कडू कॉफीत चिमूटभर टाकून बघा. कारल्याच्या वरच्या खरखरीत शिरा थोड्या खरवडा, बिया काढा, अगदी पातळ चकत्या करा, मीठ चोळून अर्धा तास ठेवा आणि मुठीत घट्ट पिळा. पिळलेलं पाणी एकदा बोटाने चाखा म्हणजे काय बाहेर गेलं ते कळेल. पहिल्या वेळी फक्त काचऱ्या करा. मंद आचेवर, हात सैल सोडून तेल, कुरकुरीत होईपर्यंत परता, मग तिखट, चिंचेचा कोळ, गूळ. आधी काचऱ्या, मग भरलं कारलं, सगळ्यात शेवटी रस्सा. हा क्रम उलटा केलात तर मला दोष देऊ नका.

लातूरचा एक मुलगा माझ्याकडे डबा घेतो. पहिल्याच आठवड्यात त्याचा फोन, "काकू, कारलं सोडून काहीही." मी म्हटलं बरं. गुरुवारी कारलं असायचं, त्याला मी मटकी द्यायचे आणि डब्याच्या वरच्या कप्प्यात लोणच्याशेजारी दोन काचऱ्या. फक्त दोन. चार गुरुवार त्या दोन्ही तशाच परत आल्या. पाचव्या गुरुवारी एक आली. आठव्या की नवव्या गुरुवारी एकही नाही. मी काही बोलले नाही, हे महत्त्वाचं. पावसाळ्यात त्याचा मेसेज आला, 'मटकी कशाला, सगळ्यांना तेच द्या ना.' आता भरलं कारलं पोळीच्या आधी संपवतो की नंतर, ते मला माहीत नाही. डबा रिकामा येतो.

या दोन काचऱ्यांमागे माझी हुशारी नाही. लहान मुलांवर झालेल्या अभ्यासांत दिसतं की नवी चव पटायला तीच गोष्ट आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा तोंडात जावी लागते. आपण तिसऱ्या वेळी हात टेकतो. मोठ्यांनाही हाच हिशोब लावा. आठवड्यातून एकदा, दोन घास, तीन महिने. भूक लागलेली असताना, जेवणाच्या सुरुवातीला. ताटात शेजारी एक हमखास आवडती गोष्ट हवी. आणि समोर बसून तुमच्या तोंडाकडे बघणारं कुणी नको. "बघ, लागतंय ना छान?" या एका वाक्याने महिनाभराची मेहनत वाया जाते. नवरे हे वाक्य फार बोलतात.

बुळबुळीतपणाचं थोडक्यात सांगते, कारण त्यात दोष भाजीचा कमी आणि करणाऱ्याचा जास्त. भेंडी चिरण्याआधी धुवा, कोरड्या फडक्याने एकेक पुसा, चिरल्यावर पाण्याचा थेंब लागू देऊ नका. तुकडे मोठे, कढई पसरट, झाकण नाही, मीठ शेवटी. दोन आमसुलं टाका, आंबटाने तार मोडते. वांग्याचा गर सरबरीत लागत असेल तर रव्यात घोळवलेले काप करा. दुधी आवडत नाही म्हणणाऱ्याला दुधीचे मुटके द्या आणि दुधी आहे हे सांगू नका.

आता अळू. मी लहानपणी म्हणायचे, घशाला खाजतं. मोठी माणसं म्हणायची, नखरे. खाजत होतंच! अळू, सुरण, शेवळं यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. पूर्ण शिजवणं आणि आंबट घालणं हे त्यावरचे आपले जुने उपाय. आमच्या घरी चिंचेत हात आखडता असायचा, एवढीच गोष्ट. हे मला कळलं ठाण्यात, चरईतल्या माझ्या मैत्रिणीकडे. ती सीकेपी. जूनच्या पहिल्या पावसानंतर ठाणे स्टेशनबाहेर येऊरकडच्या बायका शेवळं घेऊन बसतात, त्या ढिगाशेजारी हिरव्या आवळ्यांसारखी फळं असतात, ती काकडं. मैत्रीण म्हणाली, "शेवळं एकटी घ्यायची नाहीत, काकडं घेतल्याशिवाय त्या बाईलाही बरं वाटत नाही." शेवळाचं वरचं आवरण काढायचं, आतला पिवळा दाणेदार भाग टाकून द्यायचा, बाकीचं बारीक चिरून काकडांच्या रसात शिजवायचं. तिने त्यात कोलंबी घातली होती. मी भीत भीत चमचाभर घेतलं आणि घशाची वाट बघत बसले. घसा गप्प. त्या आठवड्यात घरी येऊन अळूचं फदफदं केलं, दुप्पट चिंच, शेंगदाणे, मुळ्याच्या चकत्या, तासभर शिजवून. चाळिशीत पहिल्यांदा अळूचं दुसरं वाढप घेतलं.

कुठे थांबायचं तेही सांगायला हवं. दुधी किंवा काकडी कडू लागली तर ती सवय करायची गोष्ट नव्हे, फेकायची. कारल्याचा कडूपणा त्याच्या जातीचा असतो, दुधीतला कडूपणा विषारी द्रव्यांमुळे येतो. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत. चिरताना टोकाचा एक तुकडा जिभेला लावून बघा, कडू असेल तर थुंका आणि सबंध दुधी कचऱ्यात. तसंच वांगं खाल्ल्यावर ओठ सुजत असतील, अंगावर पित्त उठत असेल तर ते नखरे नाहीत. तिथे माझं काहीही ऐकू नका, डॉक्टरांना विचारा.

आणि एक नावड अशी असते की तिला चव जबाबदार नसतेच. मी अकरा वर्षांची असताना कल्याणला एका लग्नात तीन वाट्या बासुंदी खाल्ली आणि माळशेज घाटात खिडकीतून सगळी बाहेर काढली. दोष वळणांचा होता, बासुंदीचा नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. पोटाला कळलं नाही. जॉन गार्सिया नावाच्या शास्त्रज्ञाने १९५५ साली उंदरांवर असाच प्रयोग केला. त्यांना गोड पाणी पाजताना किरणोत्सर्ग दिला, तो त्यांना बाधणारा. पुढे ते उंदीर गोड पाण्याला तोंड लावेनात. एका खेपेत बसलेली ही अढी वर्षानुवर्षं निघत नाही. माझी तरी निघाली नाही. बाळंतशेप, दोन घास, तीन महिने, सगळं करून झालं.

दसऱ्याला बासुंदी मीच आटवते, घरात बाकीच्यांना लागतेच. ढवळताना तोंड खिडकीकडे असतं. साखर बेताची झाली का हे बघायला लेकीला हाक मारते.