फ्लाइट इन्स्ट्रक्टर व्हायचंय? पाठ टाचणं आणि अभ्याससाहित्य असं तयार करा

इन्स्ट्रक्टर रेटिंगची, म्हणजे उड्डाण शिकवण्याच्या परवान्याची, तयारी सुरू केली की लवकरच कुणीतरी आपली जुनी फाइल पुढे करतं. जाडजूड, रंगीत खुणा लावलेली, प्रत्येक विषयाचं टाचण तयार. ती फाइल जरूर चाळा. विषयांची मांडणी कशी करतात ते कळतं. पण तिच्यावर विसंबून परीक्षेला जाऊ नका. परीक्षक एक विषय देतो, तुम्ही फळ्यापुढे उभे राहता, आणि दोन मिनिटांत तो विद्यार्थ्याच्या भूमिकेत शिरून विचारतो, "पण असं का होतं?" त्याचं उत्तर ज्याने टाचण लिहिलं त्याच्याकडे असतं, ज्याने छापून घेतलं त्याच्याकडे नसतं. पुढे खरा विद्यार्थी शेजारी बसतो तेव्हाही हेच होतं, आणि तिथे चुकीचं उत्तर कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतं.

म्हणून टाचणं स्वतः लिहा. वेळ लागतो, पण तोच तुमचा खरा अभ्यास असतो.

१. आधी नियामक काय मागतो ते वाचा

प्रत्येक देशाची विमान वाहतूक नियामक संस्था इन्स्ट्रक्टरकडून काय अपेक्षित आहे ते लेखी देते. अमेरिकेत एफएएचं विमानाच्या इन्स्ट्रक्टरसाठीचं नवं परीक्षा-मानक ३१ मे २०२४ पासून लागू झालं. त्यात प्रत्येक कामाखाली ज्ञान, जोखीम आणि कौशल्य असे वेगळे भाग आहेत. युरोपात ईएएसएच्या नियमांनुसार विमानाच्या इन्स्ट्रक्टर कोर्समध्ये अध्यापनाचे २५ तास, तांत्रिक विषयांचे १०० तास आणि किमान ३० तास उड्डाण असतं. तुम्ही ज्या नियामकाच्या हाताखाली परीक्षा देणार, त्याचा चालू दस्तऐवज छापून घ्या. जुनी आवृत्ती वापरली की टाचणांची रचनाच चुकते.

आता त्यातल्या प्रत्येक विषयापुढे तीनपैकी एक खूण करा: न बघता समजावून सांगता येतं, बघून सांगता येतं, सांगताच येत नाही. इथे स्वतःशी कठोर राहा. "मला माहीत आहे" आणि "मला समजावून सांगता येतं" यांत फार मोठं अंतर आहे. तिसऱ्या खुणेचे विषय आधी घ्या. बहुतेक जण आवडत्या विषयांपासून सुरुवात करतात आणि परीक्षा तोंडावर आली तरी वजन-संतुलन किंवा विमानाची कागदपत्रं हे विषय तसेच पडून राहतात.

२. साहित्याचे तीन गठ्ठे करा

पहिला गठ्ठा नियमांचा, दुसरा अधिकृत हँडबुकांचा, तिसरा ज्या विमानात शिकवणार त्याच्या पायलट ऑपरेटिंग हँडबुकचा. एफएएची हँडबुकं त्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. त्यातलं वायुगतिकी आणि उड्डाणकौशल्य कुठल्याही देशातल्या माणसाला उपयोगी पडतं. नियमांचे संदर्भ मात्र आपापल्या देशाचेच घ्या.

तिसऱ्या गठ्ठ्याकडे दुर्लक्ष होतं, ते करू नका. सेसना १७२एस या छोट्या विमानावर शिकवत असाल तर इंजिन बंद पडल्यावरचा सर्वोत्तम ग्लाइड (तरंगत जाण्याचा) वेग ६८ नॉट, सर्वोत्तम चढणीचा वेग समुद्रसपाटीला ७४ नॉट, आणि पूर्ण फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या) सोडण्याची कमाल मर्यादा ८५ नॉट. त्याच घराण्यातल्या जुन्या मॉडेलांचे आकडे वेगळे आहेत. काहींच्या वेगमापकावर तर मैल प्रतितास ठळक असतात. म्हणून टाचणाच्या प्रत्येक पानावर मॉडेल लिहा आणि आकडे हँडबुकमधूनच घ्या, आठवणीतून नाही.

नकाशे आणि हवाई माहिती यांच्या पानांवर तारीख हवी. आंतरराष्ट्रीय पद्धतीत ही माहिती २८ दिवसांच्या चक्राने बदलते.

३. अध्यापनाची तत्त्वं पाठ करू नका, टाचणात वापरा

अमेरिकेत अध्यापनाच्या मूलतत्त्वांची ५० प्रश्नांची स्वतंत्र लेखी परीक्षा असते. बरेच जण ती पाठांतराने पार पाडतात आणि विसरतात. मला हे नुकसान वाटतं, कारण चांगलं टाचण याच तत्त्वांवर उभं राहतं.

शिकण्याच्या चार पायऱ्या मानल्या जातात: पाठांतर, समज, उपयोग आणि सांगड. स्टॉलचा, म्हणजे पंखाची उचल एकाएकी घटण्याचा, विषय घ्या. "क्रिटिकल अँगल ऑफ अटॅक (पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातल्या कोनाची मर्यादा) ओलांडला की पंख स्टॉल होतो" हे म्हणता येणं म्हणजे पाठांतर. तो कोन कुठल्याही वेगाला ओलांडला जाऊ शकतो, हे का, हे सांगता येणं म्हणजे समज. सुरक्षित उंचीवर स्टॉलमधून नीट बाहेर येणं हा उपयोग. आणि लँडिंगसाठी बेस लेगवरून (धावपट्टीला काटकोनातल्या टप्प्यावरून) फायनलला (धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्याला) वळताना धावपट्टीची रेषा ओलांडली जातेय असं दिसल्यावर, "आता रडर (शेपटीचं सुकाणू) जास्त दाबून नाक वळवायचं नाही, गो-अराउंड करायचं (लँडिंग सोडून पुन्हा वर चढायचं)" हे विद्यार्थ्याला आपणहून सुचणं ही सांगड. प्रत्येक टाचणात या चारही पायऱ्यांवर एकेक प्रश्न लिहा. चौथ्या पायरीचा प्रश्न सुचत नसेल तर तो विषय तुम्हालाच पुरता उमगलेला नाही असं समजा आणि पुन्हा वाचायला बसा.

दुसरं तत्त्व प्राथम्याचं: जे पहिल्यांदा शिकलं जातं ते घट्ट बसतं, आणि चुकीचं बसलं तर काढायला दुप्पट कष्ट पडतात. याचं ठळक उदाहरण म्हणजे लिफ्टचं, म्हणजे पंखाच्या उचलीचं, ते फार पसरलेलं स्पष्टीकरण. पंखाच्या वरून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता असतो, तिला खालच्या हवेबरोबर एकाच वेळी मागच्या कडेला पोहोचायचं असतं, म्हणून ती वेगाने जाते, असं सांगितलं जातं. हे चूक आहे. वरची हवा वेगाने जाते हे खरं, पण दोन्ही प्रवाहांनी एकाच वेळी पोहोचावं असा कुठलाही नियम नाही. प्रत्यक्षात वरची हवा आधीच पोहोचते. शिवाय हे स्पष्टीकरण धरलं तर विमान उलटं उडूच शकणार नाही. पंख हवेला खाली वळवतो आणि पंखाच्या वरखाली दाबाचा फरक पडतो, या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत, एवढं साधं सांगा. तयार टाचणांत ही चूक अजूनही सापडते, आणि तयार फाइल न वापरण्याचं हेही एक कारण आहे.

४. एक टाचण पूर्ण लिहा, मग बाकीची

सगळी टाचणं एकदम अर्धवट सुरू करू नका. एक विषय घ्या आणि शेवटपर्यंत न्या. स्टीप टर्न म्हणजे तीव्र वळण हा विषय त्यासाठी छान आहे, कारण त्यात सिद्धान्त, हात आणि डोळे तिन्ही लागतात.

सुरुवात उद्दिष्टाने करा आणि ते विद्यार्थ्याच्या बाजूने लिहा. "स्टीप टर्न समजावणे" हे तुमचं काम झालं. "विद्यार्थी ४५ अंश बँकमध्ये (पंखांच्या तिरकेपणात) ३६० अंशांचं वळण घेईल, उंची १०० फूट, वेग १० नॉट आणि बँक ५ अंश यांच्या आत राखेल, सुरुवातीच्या दिशेला १० अंशांच्या आत बाहेर येईल" हे उद्दिष्ट. हे एफएएच्या प्रायव्हेट पायलट पातळीचे निकष आहेत. तुमच्याकडे वेगळे असतील तर ते घाला. पहिल्याच तासाला एवढी अपेक्षा ठेवायची की नाही हे तुमच्या निर्णयावर आहे, पण पाठ कधी पूर्ण झाला हे दोघांनाही आधीच माहीत हवं.

मग सिद्धान्त, थोडक्यात. समतल वळणात ४५ अंशांना लोड फॅक्टर (पंखांवरचा भार वजनाच्या किती पट) १.४१ होतो आणि स्टॉलचा वेग साधारण १९ टक्क्यांनी वाढतो. ६० अंशांना लोड फॅक्टर २, आणि स्टॉलचा वेग सुमारे ४१ टक्क्यांनी वर. हे आकडे फळ्यावर लिहून थांबू नका. तुमच्या विमानाचा स्टॉलचा वेग घ्या आणि विद्यार्थ्यालाच गुणाकार करू द्या. १७२एस मध्ये फ्लॅप्स वर असताना तो ४८ नॉट. ४५ अंशांना तोच सुमारे ५७ होतो. स्वतः काढलेला आकडा लक्षात राहतो.

इथेच मॅन्युव्हरिंग स्पीड येतो, म्हणजे ज्या वेगापर्यंत ढाच्यावर जादा ताण येण्याआधी विमान स्टॉल होतं तो वेग. १७२एस साठी कमाल वजनाला, म्हणजे २,५५० पौंडांना, तो १०५ नॉट आहे, आणि वजन कमी झालं की तो कमी होतो. "हलकं विमान कमी सोसतं का?" हा प्रश्न विद्यार्थी विचारणारच. उत्तर टाचणात तयार ठेवा: त्याच वेगाला हलकं विमान कमी अँगल ऑफ अटॅकवर उडतं, त्यामुळे स्टॉल होण्याआधी त्याच्यावर जास्त जी (वजनाच्या पटीतला भार) येऊ शकतात. म्हणून स्टॉलने विमानाला वाचवावं यासाठी वेग आणखी खाली हवा.

यानंतरचा भाग सर्वांत मोलाचा, आणि त्यालाच टाचणात सर्वांत कमी जागा मिळते: विद्यार्थी कुठे चुकणार. नुसत्या चुकांची यादी पुरत नाही. चूक, तिचं कारण, ती कशी दिसते आणि तुम्ही काय बोलाल, असं लिहा. उदाहरणार्थ, बँक वाढत जाते, नाक खाली जातं, वेग वाढतो, आणि विद्यार्थी नाक वर आणायला नुसता योक (नियंत्रणाचं चाक) ओढतो. त्याने वळण आणखी आवळतं आणि लोड वाढतो. तिथे तुमचं वाक्य ठरलेलं असावं: "आधी बँक कमी कर, मग नाक वर घे." हवेत शब्द शोधायला वेळ नसतो.

दुसरी चूक नजरेची. शेजारी-शेजारी बसण्याच्या विमानात पायलट मध्यरेषेच्या बाजूला बसतो, त्यामुळे डाव्या आणि उजव्या वळणात नाक क्षितिजाच्या तुलनेत वेगळ्या जागी दिसतं. विद्यार्थी डावं वळण नीट घेतो आणि उजव्यात उंची गमावतो किंवा मिळवतो. त्याला हे चित्र जमिनीवरच काढून दाखवा. आणि लक्षात ठेवा, उजव्या सीटवरून तुम्हाला दिसणारं चित्र त्याच्या उलट आहे. "नाक इथे ठेव" म्हणताना तुमचं बोट त्याच्या डोळ्यांसाठी चुकीच्या जागी जातं.

शेवटी साहित्य, जमिनीवरचा आणि हवेतला वेळ, आणि डीब्रीफिंगचे (उड्डाणानंतरच्या चर्चेचे) दोन-तीन प्रश्न. हे सगळं दोन पानांत बसलं पाहिजे. बसत नसेल तर एका पाठात दोन विषय कोंबलेत असं समजा.

५. अभ्याससाहित्य हाताने काढता येईल असं ठेवा

सुंदर स्लाइड्सपेक्षा फळ्यावरची आकृती बरी, कारण ती विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर एकेक रेघेने तयार होते आणि मधल्या कुठल्याही रेघेवर तो थांबवू शकतो. प्रत्येक टाचणाला तुमच्या हाताने दोन मिनिटांत काढता येईल अशी एक आकृती जोडा. सोबत विमानाचं छोटं मॉडेल ठेवा. बँक, याव (नाक डावी-उजवीकडे वळणं) आणि स्लिप (विमान बाजूला घसरणं) समजावताना ते फार कामी येतं.

गणितासाठी सोडवलेलं एक उदाहरण पुरेसं. डेन्सिटी अल्टिट्यूड घ्या, म्हणजे हवेच्या विरळपणानुसार विमानाला जाणवणारी उंची. प्रेशर अल्टिट्यूड (हवेच्या दाबावरून मोजलेली उंची) ५,००० फूट, तापमान ३० अंश सेल्सिअस. समुद्रसपाटीला मानक तापमान १५ अंश आणि दर हजार फुटांना साधारण २ अंश घट, म्हणजे त्या उंचीला मानक तापमान ५ अंश. फरक २५ अंश. प्रत्येक अंशाला सुमारे १२० फूट धरले तर ३,००० फूट वाढतात. विमान ८,००० फुटांवर असल्यासारखं वागेल. मग लगेच त्या विमानाचा टेक-ऑफ तक्ता उघडा आणि लागणारी धाव विद्यार्थ्याला काढायला लावा. आकड्याचा अर्थ त्याला तिथे कळतो.

प्रोपेलरच्या विमानाचं नाक डावीकडे ओढणाऱ्या चार कारणांचंही तसंच. टॉर्क, पी-फॅक्टर, जायरोस्कोपिक प्रिसेशन आणि सर्पिल स्लिपस्ट्रीम ही नावं सगळे सांगतात. तुमच्या पानावर प्रत्येकापुढे "हे केव्हा जाणवतं" असा रकाना असू द्या.

६. जोखमीचा एक प्रसंग प्रत्येक पाठात

पायलट, विमान, वातावरण आणि बाहेरचे दबाव या चार बाजूंनी जोखीम तपासायची पद्धत विद्यार्थ्याला नुसती सांगून भागत नाही. प्रत्येक टाचणात त्या पाठाशी जोडलेला, चार ओळींचा प्रसंग लिहा आणि "तू काय करशील?" असं विचारा. तुमचं उत्तर लिहू नका. आधी त्याचं ऐकायची सवय लागेल.

७. बोलून पाहा

लिहिलेलं टाचण तोंडाने शिकवून पाहिल्याशिवाय तयार झालं असं धरू नका. एकदा विमानाशी संबंध नसलेल्या माणसाला शिकवा. तो कुठे गोंधळतो ते पाहा. मग अनुभवी इन्स्ट्रक्टरला शिकवा. तो तथ्यांतल्या चुका पकडेल. बोलणं रेकॉर्ड करून ऐका. न समजावलेले शब्द तुम्ही किती सहज फेकता ते तिथे ऐकू येईल.

मग उजव्या सीटवरून, उडवता उडवता बोला. सुरुवातीला हात चालतो तेव्हा तोंड थांबतं आणि तोंड चालतं तेव्हा उंची सुटते, म्हणून हा सराव लवकर सुरू करा. नियंत्रण देण्याघेण्याची तीन टप्प्यांची बोली पहिल्या दिवसापासून पाळा: देणारा "तुझ्याकडे" म्हणतो, घेणारा "माझ्याकडे" म्हणतो, देणारा पुन्हा "तुझ्याकडे" म्हणून खात्री करतो. विमान नेमकं कोण उडवतंय याबद्दल एक क्षणही शंका उरता कामा नये.

स्पिनचं, म्हणजे स्टॉल झालेलं विमान गिरक्या घेत खाली येण्याचं, टाचण प्रत्यक्ष स्पिन केल्यानंतरच पक्कं करा. अमेरिकेत इन्स्ट्रक्टर व्हायला स्पिनच्या प्रशिक्षणाची लॉगबुकात नोंद लागते. त्यातून बाहेर येताना पॉवर आयडल (इंजिन किमान शक्तीवर), एलेरॉन (बँक करणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या) न्यूट्रल, स्पिनच्या विरुद्ध दिशेला पूर्ण रडर, मग एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) पुढे, हा सर्वसाधारण क्रम. तुमच्या विमानाच्या हँडबुकात वेगळी पद्धत असेल तर तीच अंतिम. आणि त्या विमानाला, त्या वजन-संतुलनात स्पिनची परवानगी आहे की नाही हे टाचणाच्या पहिल्या ओळीत लिहा.

८. फाइल लावणं

नियामकाच्या दस्तऐवजाचाच अनुक्रम ठेवा, म्हणजे परीक्षकाने विषय म्हटला की पान सापडतं. उजवा समास रुंद सोडा. सराव परीक्षेत ज्या प्रश्नावर अडखळलात तो प्रश्न त्या समासात लिहा, फक्त प्रश्न. दोन दिवसांनी पान न उलगडता त्याचं उत्तर मोठ्याने देऊन पाहा, आणि जमेपर्यंत तो प्रश्न खोडू नका.