ट्यूडर गादीवरचा दावा कसा तपासायचा

इंग्लंडवर ट्यूडर घराण्याचं राज्य होतं त्या 1485 ते 1603 या काळातला, गादी कोणाची याचा कोणताही वारसावाद समजून घ्यायचा असेल, तर बहुतेक जण वंशावळ उघडतात आणि जवळचं रक्त कोणाचं ते बघून मोकळे होतात. तिथेच चूक होते. या काळात रक्त, औरसपणा (वैध लग्नातून झालेला जन्म), पार्लमेंटचा कायदा, राजाचं मृत्युपत्र आणि प्रत्यक्ष ताबा या पाच गोष्टी एकमेकींना छेद देत होत्या. प्रत्येक दावेदाराला या पाचही कसोट्या वेगवेगळ्या लावाव्या लागतात, आणि त्याही ठरावीक तारखेला.

वंशावळी दोन काढा. पहिली तिसऱ्या एडवर्डपासून, 1485 ते 1499 च्या भांडणांसाठी. दुसरी सातव्या हेन्रीपासून, पुढच्या सगळ्यांसाठी. दुसरीत तीन फांद्या पुरतात: थोरली मुलगी मार्गारेट (हिच्याकडून स्कॉटलंडचे स्टुअर्ट), आठवा हेन्री, आणि धाकटी मेरी (हिच्याकडून जेन, कॅथरीन आणि मेरी या ग्रे बहिणी). नावाशेजारी जन्मस्थळ आणि आईवडिलांच्या लग्नाचं वर्ष लिहायला विसरू नका. पुढे भांडण त्यावरच होतं. शिवाय या एकाच कागदावर चार मेरी येतात: हेन्रीची बहीण, हेन्रीची मुलगी, स्कॉटलंडची राणी आणि मेरी ग्रे. त्यांना आकडे द्या, नाहीतर गोंधळ नक्की.

आता तारखा. तेव्हा इंग्लंडमध्ये नवं वर्ष 25 मार्चला सुरू होई. त्यामुळे 1 जानेवारी ते 24 मार्चमधल्या कागदांवर आपल्या हिशेबापेक्षा एक वर्ष कमी दिसतं. जेन ग्रेचा शिरच्छेद 12 फेब्रुवारी 1554 चा, पण त्या काळच्या नोंदीत साल 1553. आठव्या हेन्रीची मुलगी राणी एलिझाबेथ वारली ती 24 मार्च 1603 ला, म्हणजे त्यांच्या लेखी 1602 च्या शेवटच्या दिवशी.

औरसपणाची कसोटी सर्वात चिवट. सातव्या हेन्रीचा हक्क आईकडून, म्हणजे बोफर्ट घराण्याकडून आला. हे घराणं तिसऱ्या एडवर्डचा मुलगा जॉन ऑफ गॉन्ट आणि कॅथरीन स्विनफर्ड यांच्या लग्नाआधीच्या मुलांचं. 1397 मध्ये ती औरस ठरवली गेली, पण 1407 मध्ये चौथ्या हेन्रीने ‘राजपद वगळून’ अशी पुस्ती जोडली. म्हणून 1485 च्या पार्लमेंटने सातव्या हेन्रीचा हक्क मान्य करताना कारण दिलंच नाही. राजमुकुट त्याचा आणि त्याच्या वंशजांचा, एवढंच नोंदवलं. कारण लिहिलं असतं तर त्यावर वाद घालता आला असता. आधीचा राजा चौथा एडवर्ड याची मुलगी, यॉर्कची एलिझाबेथ, हिच्याशी त्याने लग्न केलं ते राज्याभिषेकानंतर, जानेवारी 1486 मध्ये. गादी बायकोमुळे मिळाली असं कोणाला म्हणता येऊ नये, याची ती काळजी होती.

कॅथरीन ग्रेचं उदाहरण तर मुळातून पाहण्यासारखं आहे. तिने 1560 मध्ये हर्टफर्डच्या अर्लशी गुपचूप लग्न केलं. एकमेव साक्षीदार, नवऱ्याची बहीण, 1561 मध्ये वारली आणि लग्न लावणारा पाद्री सापडला नाही. 1562 मध्ये लग्न अवैध ठरलं, मुलं अनौरस ठरली. साक्षीदार आणि पाद्री, या दोनच दुव्यांवर तिच्या मुलांचा दावा तुटला.

आता कायदे. तीन लक्षात ठेवा: 1534 च्या कायद्याने आठव्या हेन्रीची थोरली मुलगी मेरी बाद, 1536 च्या कायद्याने धाकटी एलिझाबेथही बाद, आणि 1544 च्या कायद्याने दोघी पुन्हा वारसा-क्रमात. इथे हमखास होणारी चूक म्हणजे 1544 च्या कायद्याने त्या औरस झाल्या असं मानणं. तसं झालं नाही. त्यांना फक्त क्रमात जागा मिळाली. मेरीने राणी झाल्यावर 1553 मध्ये आईचं लग्न कायद्याने वैध ठरवून घेतलं. एलिझाबेथने 1559 मध्ये आपला हक्क मान्य करून घेतला, पण अनौरसपणाचा जुना शिक्का पुसायच्या भानगडीत ती पडली नाही.

त्याच 1544 च्या कायद्याने आठव्या हेन्रीला मृत्युपत्राने पुढचा क्रम ठरवायचा अधिकार दिला. अट एकच: सही स्वतःच्या हाताची हवी. 30 डिसेंबर 1546 च्या मृत्युपत्रात त्याने थोरल्या बहिणीची स्कॉटिश फांदी ओलांडून धाकटीच्या वंशाला पुढे आणलं. मेरी स्टुअर्टच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या राणीच्या, बाजूच्यांनी नेमकं त्या अटीवर बोट ठेवलं: ही सही हाताची नाही, ठशाची आहे. विरुद्ध बाजूचं उत्तर असं की मेरी स्कॉटलंडमध्ये जन्मली, आणि परकीय भूमीत जन्मलेल्याला इंग्लंडमध्ये वारसा मिळत नाही.

1553 चा प्रसंग तपासताना आठव्या हेन्रीचा मुलगा सहावा एडवर्ड याने केलेला वारसाक्रमाचा आराखडा बघा. त्यात आधी ‘जेनचे पुरुष वारस’ असं होतं. मग दोन शब्द घालून ‘जेन आणि तिचे पुरुष वारस’ केलं. 21 जूनला त्याचं राजपत्र (राजाच्या शिक्क्याचा हुकूम) निघालं, 6 जुलैला राजा वारला, 10 जुलैला जेनची घोषणा झाली आणि 19 जुलैला मेरीची. फसलं कुठे? पार्लमेंटचा कायदा राजपत्राने मोडता येत नाही, आणि राजा 15 वर्षांचा अल्पवयीन मुलगा होता. त्याहून मोठी चूक म्हणजे मेरी हाती लागली नव्हती. ती फ्रॅमलिंगहॅमच्या किल्ल्यात माणसं जमवत होती, तिला अडवायला पाठवलेल्या जहाजांवरचे खलाशी तिलाच मिळाले, आणि जेनचा सासरा, कारभार चालवणारा नॉर्थंबरलंडचा ड्यूक, लंडन सोडून बाहेर पडताच मागे राजाची सल्लागार कौन्सिल फिरली.

तोतयांसाठी प्रश्न वेगळा: खरा माणूस दाखवता येतो का? लॅम्बर्ट सिम्नेलला 24 मे 1487 ला डब्लिनमध्ये राजा केलं गेलं, पण तो ज्याचं नाव सांगत होता तो यॉर्क घराण्यातला वॉरिकचा अर्ल लंडनच्या टॉवर किल्ल्यात कैदेत जिवंत होता. सातव्या हेन्रीने या खऱ्या अर्लला लंडनच्या रस्त्यांवरून फिरवलं. 16 जूनला स्टोकच्या लढाईत प्रकरण मिटलं. पर्किन वॉरबेक हा दुसरा तोतया मात्र टॉवरमधून गायब झालेल्या राजपुत्राचं, चौथ्या एडवर्डच्या धाकट्या मुलाचं, नाव सांगत होता. हेन्रीकडे दाखवायला ना माणूस, ना प्रेत. म्हणून तो 1491 पासून 1497 मध्ये पकडला जाईपर्यंत टिकला.

सगळी पद्धत स्वतः वापरून बघायला 1603 घ्या. स्कॉटलंडचा सहावा जेम्स: रक्ताने सर्वात जवळचा, आई आणि बाप दोघांकडूनही मार्गारेटचा वंशज. पण जन्म एडिनबरोचा, आणि मृत्युपत्रात त्याची फांदी मागे टाकलेली. मात्र 1601 पासून एलिझाबेथचा प्रमुख मंत्री रॉबर्ट सेसिल याच्याशी त्याचा गुप्त पत्रव्यवहार चालू होता. राणी गेली त्याच सकाळी लंडनमध्ये त्याच्या नावाची घोषणा झाली. पार्लमेंटची मान्यता 1604 मध्ये, आणि तिच्यात कारण लिहिलं ते जन्मसिद्ध वारशाचं. आपल्या पाच रकान्यांत हे भरा, आणि कोणता रकाना रिकामा राहूनही तो राजा झाला ते बघा.