कॉम्प्युटरमधली धूळ काढताना या चुका टाळा

आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहतो. खाली वाहनांची रांग, समोर बांधकाम. सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता येतं. कॅबिनेटचे पंखे हीच हवा दिवसभर आत ओढतात. हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता खेचून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, फटींत धूळ गच्च बसली की प्रोसेसर तापतो, पंखा घोंघावतो, मशीन मंदावतं, कधी मधेच बंद पडतं. म्हणजे सफाई हवीच. पण घाईघाईत केलेल्या सफाईनं चांगली मशीन बिघडलेली मी पाहिली आहेत.

सर्वांत जास्त होणारी चूक पंख्याची. ब्लोअरच्या झोतात पंखा भन्नाट फिरू लागतो आणि धूळ उडताना पाहून आपल्याला बरं वाटतं. पण तो वेग त्याच्या बेअरिंगला झेपत नाही. माझ्या ग्राफिक्स कार्डाचा पंखा असाच गेला; दोन दिवसांत खरखरायला लागला आणि शेवटी तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन नवा शोधावा लागला. तेव्हापासून पातं बोटानं धरल्याशिवाय मी हवा मारत नाही.

घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका. प्लॅस्टिकच्या नळीवर स्थिर वीज साठते, पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तर जास्तच, आणि तिच्या झटक्यानं आतले भाग बिघडू शकतात. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसरही नको. त्याच्या हवेबरोबर पाणी आणि तेलाचे कण येतात. छोटा ब्लोअर आणि रंगकामाचा मऊ, कोरडा ब्रश पुरतो. तोंडानं फुंकू नका, थुंकी उडते.

सुरुवात मात्र नेहमी अशी करा: शटडाउन, भिंतीवरचं बटण बंद, प्लग बाहेर, मग कॅबिनेटचं पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. काम गॅलरीत करा, नाहीतर तीच धूळ पुन्हा खोलीत.

एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतकी वीज राहू शकते. जाळीतून बाहेरूनच हवा मारा.

ओलं फडकं फक्त कॅबिनेटच्या बाहेरून. समोरची धुळीची जाळी सुटी होत असेल तर धुवा, पण पूर्ण वाळल्यावरच बसवा. पावसाळ्यात त्याला दुसरा दिवस उजाडतो.

सफाईनंतर स्क्रीन काळीच राहिली, बीप वाजू लागला, तर घाबरू नका. बहुतेक वेळा ब्रशच्या धक्क्यानं रॅम सैल झालेली असते. प्लग काढून ती बाहेर घ्या आणि दोन्ही बाजूंनी दाबून ‘खट’ आवाज येईपर्यंत बसवा. पंख्याची एरर दिसली तर त्याची वायर निसटली आहे का पाहा. आणि हीटसिंक उचललाच असेल, तर प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून नवी लावा, वाटाण्याच्या दाण्याएवढी. जुन्याच पेस्टवर तो परत ठेवला तर धूळ काढूनही मशीन पूर्वीपेक्षा जास्त तापेल.